जाळ नसलेला तवा

सुनेनं परवा मोबाइलवर एक चित्र समोर धरलं आणि विचारलं, "आई, यातलं कोणतं घेऊ?" चित्रात सँडविच भाजायची दोन यंत्रं शेजारी शेजारी होती, वर पानिनी प्रेस असं काहीसं लिहिलेलं. मी चष्मा सारखा केला आणि म्हटलं, "आधी बिजागरी बघ. झाकण मागूनही वर उचललं गेलं पाहिजे. नाहीतर जाड काही ठेवलं की मागची बाजू चेपून करपते आणि पुढची कच्ची राहते. आणि तेल गळायला खाली तबक आहे का, तेही बघ." ती माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या माहितीत मी पावाला हात न लावणारी बाई. "तुम्हाला कसं काय ठाऊक?" म्हणाली. मी म्हटलं, "आमच्याकडं होतं." एवढ्यावर तिचं भागलं. ती बिजागरी शोधत बसली आणि मी उठून गॅलरीत गेले.

त्या यंत्राला आम्ही पानिनी वगैरे म्हणत नव्हतो. दादा त्याला ग्रिलर म्हणायचा, बाबा मशीन म्हणायचे आणि आई इस्त्री. नांदेडला आमचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढं पत्र्याचा व्हरांडा. बाबा चित्रकलेचे मास्तर, त्यामुळं व्हरांड्यात कायम कुठल्या तरी वर्गाची रंगकामाची पानं वाळत पडलेली असत आणि आई ती ओलांडत पाणी भरत असे. पहाटे गुरुद्वाऱ्याकडून पाठाचा आवाज यायचा, त्यानं बाबांना जाग यायची. मग स्टोव्हची फरफर, आईच्या बांगड्या, परातीत पीठ मळल्याचा घसघस आवाज. आई देगलूरची. चिडली की तेलुगूत चिडायची, म्हणजे आम्हाला शिव्या कळू नयेत. आम्हाला सगळ्या कळत. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा सुधीर, माझा दादा, बारावीसाठी लातूरला होता. तिथं ट्यूशन एरियात तिघांत एक खोली, मेसचा डबा, आणि क्लासच्या समोर एक सँडविचची गाडी. दिवाळीला घरी आला तो अभ्यासाबद्दल चकार शब्द न काढता त्या गाडीबद्दलच बोलत राहिला. पाव कसा दाबतात, त्यावर रेघा कशा उमटतात, बाहेरून कुरकुरीत आणि आतला बटाटा कसा वाफाळलेला. बाबांना खाण्यापेक्षा त्या रेघांचंच कुतूहल जास्त वाटलं असणार. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वजिराबादच्या बाजारात निघालो.

रफिकभाईंचं दुकान म्हणजे पंखे, मिक्सर, इस्त्र्या आणि टांगलेल्या वायरींचं रान. त्यांनी दोन नमुने काढून काउंटरवर ठेवले. एकात त्रिकोणी खोबणी होत्या, पाव त्यात बसवून मिटायचा, कडा आपोआप चिकटतात. दुसरं सपाट, दोन्ही बाजूंना नांगरटीसारख्या रेघांचे जाड पत्रे. "मास्तर, त्रिकोणीच न्या," रफिकभाई म्हणाले. "हलकी चीज हाय, पोरं खूश. सपाटवाली पडून राहते हो, कोणी नेत न्हाई." दादा म्हणाला, "थांबा," आणि त्यानं पिशवीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. आत बेकरीचा गोल पाव आणि आईनं सकाळी केलेली भाकरी. रफिकभाई हसून हसून खोकायला लागले. "अरे मियाँ, दुकानात भाकर घेऊन आलास? नवरी बघायला आलास का मशीन?" दादा अजिबात लाजला नाही. त्रिकोणीमध्ये भाकरी चारी बाजूंनी बाहेर लोंबली. सपाट यंत्रात दुमडून नीट बसली आणि झाकण मागून उचललं जाऊन वर समांतर टेकलं. "बघा," तो म्हणाला, "याला खाणारा काय खातो त्याची पडली हाय. त्या त्रिकोणीला फक्त स्वतःच्या खोबणीची." बाबांनी वायरीची लांबी हातानं मापली, पिन तीन आहेत का ते पाहिलं, पत्र्यावरून बोट फिरवलं. मला कुणी काही विचारलं नाही, पण मला सपाटच आवडलं होतं. येताना रिक्षात खोकं माझ्या मांडीवर होतं.

पहिला प्रयोग फसला. लोणी आत लावलं, बाहेर लावायचं राहिलं आणि पाव पत्र्याला असा बसला की कालथ्यानं खरवडावा लागला. दादानं मग सगळं रीतसर शिकवलं. आधी रिकामं तापू द्यायचं, तांबडा दिवा जाऊन हिरवा लागेपर्यंत उघडायचं नाही. लोणी बाहेरून लावायचं. सारण कडेपर्यंत भरायचं नाही. झाकण अंग टाकून दाबायचं नाही, त्याचं वजन त्याला पुरतं. आणि झाल्यावर कोमट असतानाच ओल्या फडक्यानं पुसायचं, पाण्यात बुचकळायचं नाही. सुट्टी संपेपर्यंत आम्ही त्यात काय काय भरलं! बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, एकदा शिळ्या भाकरीत कालचं पिठलं. ते इतकं चांगलं लागलं की बाबांनी दुसऱ्यांदा मागितलं. आई मात्र हात लावेना. "चुलीला जाळ असतो," ती म्हणायची. "स्टोव्हला जाळ असतो. याला जाळ कुठं हाय? जाळ न्हाई तर त्याला शिजलं कामून म्हणायचं?" दादा म्हणायचा, "आई, खाऊन तर बघ." ती म्हणायची, "बारावी होऊ दे तुझी. मंग खाते." तिचं बोलणं असंच असायचं, काहीही मागा, ती ते त्याच्या बारावीच्या पलीकडं नेऊन ठेवायची.

परीक्षा संपली आणि तो वळकटी घेऊन जीपनं निघाला. अहमदपूरच्या पुढं रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नव्हता. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही, आणि मला जास्त माहीतही नाही. लोक घरी आले, लोक बोलले, बाबांना कुणीतरी धरून नेलं आणि धरून आणलं. मला आठवतं ते एवढंच की वळकटी आमच्या व्हरांड्यात येऊन पडली आणि ती कोरडी होती, स्वच्छ होती, तिच्यावर साधी धूळसुद्धा नव्हती. मी रडले नाही. बायका माझ्या तोंडाकडं बघत आणि एकमेकींना म्हणत, पोरीला धक्का बसलाय. धक्का वगैरे मला काही जाणवला नाही. दुपारी झोपून उठल्यावर हात बधिर असतो आणि आपलाच असून आपला वाटत नाही, तशी मी सगळीच होते. आजही कुणी विचारलं की त्या दिवसांत तुला काय वाटलं, तर खरं उत्तर आहे, काही नाही.

तेराव्यापर्यंत डबे येत होते. ते बंद झाले तेव्हा कळलं की आईनं स्वयंपाक सोडलाय. ठरवून नव्हे. ती ओट्यापाशी जायची, पिठाच्या डब्यावर हात ठेवायची आणि तशीच उभी राहायची. मग येऊन भिंतीला टेकून बसायची. बाबांना चहासुद्धा येत नव्हता. मला भाकरी यायची, पण थापायला बसले की आई माझ्या हातांकडे बघत राहायची आणि मग माझेही हात थांबायचे. त्यामुळं एका संध्याकाळी मी कपाटावरून ते यंत्र काढलं. त्यात थापायचं नव्हतं, जाळ नव्हता, आवाज नव्हता. पाव ठेवा, मिटा, दिव्याकडं बघा. तो सारा उन्हाळा मी आणि बाबा त्याच्यावर जगलो. सकाळी एक, संध्याकाळी एक. बाबा ताटलीतल्या रेघांकडे बघत खायचे आणि ताटली स्वतः विसळायचे. चव कशी होती विचाराल तर मला सांगता येणार नाही. एकदा पाव पार काळा होईपर्यंत मला वास आला नाही, शेजारीण खिडकीतून ओरडली तेव्हा मी झाकण उघडलं. बारावीचा निकाल लागला. बाबा बघायला गेले नाहीत, एका मास्तरांनी येऊन सांगितलं, चांगले मार्क पडले होते. आईनं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

आई खात नव्हती, हीच आता घरातली एकमेव गोष्ट होती. चहा घ्यायची, कुणी फार धरलं तर दोन घास. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. डॉक्टर घरी येऊन गेले आणि बाबांना व्हरांड्यात नेऊन म्हणाले की असंच चाललं तर सलाईनवर ठेवावं लागेल, आणि सलाईन तरी किती दिवस. आतून मी ऐकत होते. तिलाही ऐकू गेलं असणार, पण तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. बाबांनी नायगावहून आत्याला बोलावून घेतलं. आत्या बाबांची धाकटी बहीण, दांडगी, बोलकी, हाताला सतत काम लागणारी. तिनं घराचा ताबा घेतला, स्वयंपाक सुरू केला, आणि रोज आईसमोर ताट ठेवून बसायची. "वैनी, चार घास खावा. माझ्या गळ्याची आन हाय तुम्हाला." आई ताटाला नमस्कार करून ते सरकवून द्यायची. मी माझ्यापरीनं यंत्रात काय काय करून तिच्यापुढं नेत होते. दशमी दाबून, गूळ-तूप लावलेला पाव, दादाचं ते पिठलं-भाकरीचं. ताटली जशी गेली तशी परत यायची, थंडगार. मी ती बाबांच्या दुसऱ्या दिवसाच्या डब्यात घालायचे.

श्रावण आला. आमच्या घरात त्या वर्षी सण नव्हता, दुखवटा होता, पण गल्लीतल्या पोरी माहेरी आल्या होत्या, लिंबाला झोके बांधले होते, आणि मेंदी वाटल्याचा वास खिडकीतून येत होता. पंचमीच्या आदल्या दिवशी, चतुर्थीला, आमच्याकडं पोरीबाळी भावासाठी उपास करतात. भावाला काही होऊ नये म्हणून. आणि पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. सगळं उकडलेलं, दिंडं आणि कानोले. मी हा उपास शाळेत जायच्या आधीपासून करत आले होते, आईनंच करायला लावला होता. आईला भाऊ नव्हता. त्यामुळं ती माझ्या उपासाचं इतकं कौतुक करायची की मला वाटायचं, दादा जिवंत आहे तो माझ्यामुळंच. दुपारी तिसऱ्या प्रहरी दादा मुद्दाम माझ्यासमोर बसून भजी खायचा आणि म्हणायचा, "माझ्यासाठी मर थोडी." आई त्याला लाटण्यानं मारायची.

त्या चतुर्थीला मी काही खाल्लं नाही. कुणी सांगितलं नव्हतं आणि मी काही ठरवलंही नव्हतं. सकाळी ताटलीकडे हात गेला नाही, दुपारी गेला नाही, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण घरात जो तो आईच्याच खाण्याकडं डोळे लावून होता. दुसऱ्या दिवशी उजाडताना भुकेनं जाग आली. मी उठले, पावाला आतून चटणी, बाहेरून लोणी लावलं, यंत्राची पिन लावली, तांबडा दिवा लागला. पंचमी आहे हे मला ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतंही. झाकण मिटलं तोच आत्या अंघोळ करून ओल्या केसांनी आत आली.

"काय करून राहिलीस?" ती ओरडली. "अगं पंचीम हाय आज! तवा ठेवलीस?"

"तवा कुठं हाय हा," मी म्हटलं. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"एक न्हाई, दोन तवे हायत! वर एक अन् खाली एक! बंद कर आधी!"

मी बंद केलं नाही. हट्टानं नव्हे, हात उचललाच जाईना. तेवढ्यात आई आतल्या खोलीतून आली. भिंतीला धरून आली. किती तरी आठवड्यांत ती स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत आली नव्हती. तिनं यंत्राकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"होऊ द्या," आई म्हणाली. "कुणासाठी पाळायचं? ज्याच्यासाठी पाळायचं तो गेला."

आत्या एकदम रडायलाच लागली, आणि रडत रडत जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही. "तुमचा गेला वैनी. मला मान्य हाय. पन माझा भाऊ हाय न या घरात. बाहेर बसलाय तो. काल मी त्याच्यासाठी उपाशी हुते. त्याला बी घालवता का?"

व्हरांड्यात बाबा होते. ऐकू गेलंच असणार. एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि थांबला. आई पुढं झाली आणि तिनं भिंतीतली पिन ओढून काढली. त्या यंत्राला तिचा हात लागला तो पहिल्यांदा. झाकण उघडलं. पाव अजून पांढराच होता, वरवर गरम झालेला, रेघा नुसत्या पुसट उमटलेल्या. लोणी वितळून तसंच राहिलेलं. आईनं तो तळहातावर घेतला आणि माझ्याकडं बघितलं. खरं म्हणजे त्या सगळ्या महिन्यांत तिनं माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं.

"तू कालचा उपास धरलीस?"

"हाव."

"कोण धर म्हणलं?"

"कुणी न्हाई."

"काल सकाळधरनं काहीच न्हाई पोटात?"

मी मान हलवली. आईनं तो पाव मधून तोडला. अर्धा माझ्या हातात दिला आणि उरलेला अर्धा स्वतःच्या तोंडात घातला. तिथंच ओट्यापाशी उभ्यानं, चावायला त्रास होत असल्यासारखी हळूहळू चावत तिनं तो सगळा खाल्ला. अर्धवट भाजलेला, पिठूळ पाव. आत्या पदर तोंडाला लावून बघत होती. मीही खाल्ला. माझ्या पोटात अन्न गेलं आणि आईच्याही, आणि मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. मी फक्त पाहिलं की तिच्या हनुवटीला चटणी लागलीय.

मग ती खाली बसली आणि मला म्हणाली, "पुढल्या साली धरू नको."

"मग काय करू?"

"जेवायचं. चतुर्थीला. मी न्हाई का जेवायची? देगलूरला साऱ्या गल्लीतल्या पोरी उपाशी, अन् मी एकली जेवायची. माय वाढायची मला. भाऊ न्हाई तर उपास कशाचा."

आत्या म्हणाली, "वैनी, असं काहून बोलता पोरीला?" आत्यानं केलेलं उकडलेलं दिंड त्या दुपारी आईनं ताटात घेतलं आणि निम्मं खाल्लं. बाबांनी तिच्याकडं बघायचं टाळलं, बघितलं तर ती थांबेल अशी त्यांना भीती वाटली असावी. नंतर ती रोज थोडं थोडं खायला लागली. गणपतीपर्यंत स्टोव्ह तिनं पुन्हा हातात घेतला. आत्या नायगावला परत गेली. यंत्र कपाटावर गेलं, तिथून केव्हा तरी पिंपात, आणि मग ते कुणाला दिलं की काय झालं, मला आठवत नाही. घर परत चालू झालं. मी अकरावीला नांदेडलाच राहिले, लातूरचं नाव कुणी काढलं नाही. पुढं मला लातूरचंच स्थळ आलं आणि मी हो म्हटलं. आता त्याच ट्यूशन एरियाच्या मागं राहते, खाली रस्त्यावर तशाच गाड्या लागतात, पोरं उभ्यानं खातात. लोक विचारतात, तुम्हाला इथं राहवतं कसं? राहवतं. माझं बधिरपण मात्र तेव्हा गेलं नव्हतं. आई उठली, मी तशीच होते. शाळेत जायचे, हसायचे, मार्क आणायचे. मला वाटायचं, आता मी अशीच असणार, आणि त्याचंही मला काही वाटत नव्हतं.

पुढच्या वर्षीची चतुर्थी आली. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, विसरून म्हणा की सवयीनं म्हणा. बाहेर पोरी मेंदीचे हात वर धरून झोक्यापाशी उभ्या होत्या, सगळ्या उपाशी, सगळ्या मजेत. दुपारी आईनं आतून हाक मारली. तिनं दोन ताटं वाढली होती. ज्वारीची भाकरी, डाळीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, कांदा. साधं, रोजचं. बाबा शाळेत होते. "बैस," ती म्हणाली. मी म्हटलं, "आई, आज चतुर्थी हाय." ती म्हणाली, "हाव. म्हून तर." आणि ती माझ्यासमोर मांडी घालून बसली, तिनं आधी स्वतः घास तोडला आणि मी तोडेपर्यंत तो तसाच हातात धरून ठेवला.

मी भाकरी तोडली, वरणात बुडवली आणि तोंडात घातली. चव लागली. मिठाची, हिंगाची, भाजक्या भाकरीची, सगळी एकदम. आणि तो घास घशाखाली उतरला तेव्हा मला कळलं की मला भाऊ नाही. जवळजवळ दीड वर्ष लोकांनी सांगितलं होतं, पण मला कळलं ते तेव्हा. मी ओरडूनच रडले. असा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. बाहेर झोक्यावरच्या पोरी गप्प झाल्या. मी ताट ढकलून उठायला लागले तर आईनं माझं मनगट धरलं, तिच्या हाताला भाकरीचं पीठ होतं.

"रड," ती म्हणाली. "पन ताटावरून उठू नको."